चौथीच्या गुणपत्रकावर मुलांची वाट ठरावी का?

इसारकाठ

नमस्कार. आम्ही मूळचे कोल्हापूरचे असून अडीच वर्षांपूर्वी म्युनिकला आलो. मुलगी येथील सरकारी प्राथमिक शाळेत चौथीत आहे. गेल्या आठवड्यात तिला जानेवारीचा प्रगती अहवाल मिळाला : जर्मन ३, गणित २, परिसर अभ्यास ३. येथे १ हा सर्वांत चांगला आणि ६ हा सर्वांत वाईट शेरा असतो.

म्युनिक जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात आहे. येथे चौथीच्या मुलांना मे महिन्यात एक दाखला मिळतो आणि त्यावर या तीन विषयांची सरासरी छापलेली असते. ती २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझियममध्ये जाऊ शकते, म्हणजे आबिटूर परीक्षा देऊन थेट विद्यापीठात जाण्याची वाट त्याला मिळते. २.६६ पर्यंत रेआलशूले, जी दहावीला संपते, आणि त्यापलीकडे मिटेलशूले, जिचा भर कामधंद्याच्या तयारीवर असतो. माझ्या मुलीची सरासरी आज २.६६ आहे. दोन विषयांत तिला ३ आहे, त्यांतल्या एका विषयात जरी २ मिळाला असता, तर तिच्या पुढे वेगळी शाळा असती.

तिची परिसर अभ्यासाची चाचणी परवा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्याबरोबर पुन्हा वाचली. जलचक्राचे चित्र तिने अचूक काढले होते, सगळे बाण बरोबर होते, ढगही योग्य जागी होता. मात्र बाष्पीभवनाचा जर्मन शब्द तिला आठवला नाही, म्हणून तिने तिथे ‘पाणी वर जाते’ असे लिहिले होते. अर्धा गुण गेला. तिने मला विचारले, ‘आई, पण पाणी वरच जाते ना?’ या प्रश्नाला मी काय उत्तर द्यावे, हे मला त्या क्षणी सुचले नाही.

मी स्वतः बारावीपर्यंत मध्यम विद्यार्थिनी होते. दहा वर्षांची असताना कोणी माझी वाट ठरवली असती, तर मी आज येथे नसते. ज्यांची मुले वेगवेगळ्या देशांत शिकली आहेत, त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. मुलांची विभागणी कोणत्या वयात व्हावी असे आपल्याला अनुभवाने वाटते? आणि एकदा वाट ठरल्यावर ती बदलण्याची सोय कागदावर असते की प्रत्यक्षातही?

न्यूर्नबर्गकर

ताई, आपली काळजी मी ओळखतो, कारण चौदा वर्षांपूर्वी मी त्याच टेबलावर बसलो होतो. आमच्या मुलाचीही सरासरी २.६६ होती. गिम्नाझियमसाठी गणित आणि जर्मन या विषयांचा तीन दिवसांचा प्रोबेउंटररिश्ट, म्हणजे परीक्षणाचा वर्ग असतो. तो देता येतो, परंतु आम्ही मुलाला त्यात बसवले नाही. तो त्या वर्षी इतका थकला होता, की रविवारी सकाळीही पोट दुखते म्हणायचा.

तो रेआलशूलेत गेला. दहावीनंतर त्याने फाखओबरशूले, ज्याला येथे सगळे फॉस म्हणतात, तेथे तंत्रज्ञान शाखा घेतली. त्यासाठी दहावीला जर्मन, इंग्रजी आणि गणित यांची सरासरी ३.५ पर्यंत असावी लागते. अकरावीचे जवळपास अर्धे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. तो एका कारखान्यात लेथवर उभा राहिला, आणि घर्षण म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकापेक्षा तेथे कळले असे आजही सांगतो. बारावीनंतर उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्थेत प्रवेश मिळतो, तेरावी केली तर विद्यापीठाचेही दार उघडते. तो आज यांत्रिकी अभियंता आहे.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की सोय खरी आहे. पण ती आपोआप मिळत नाही. कोणत्या वळणावर काय निवडायचे हे घरात कोणाला तरी ठाऊक असावे लागते, आणि ज्या घरात ते कोणालाच ठाऊक नसते तेथील मुले दहावीला थांबतात.

माणदेशी

मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालो. परदेशातील शाळांचा मला अनुभव नाही, परंतु मूळ प्रश्न माझ्याही वर्गातला आहे.

आमच्या भागात मेंढपाळांची कुटुंबे वर्षातले काही महिने चाऱ्यासाठी बाहेर असतात. अशा घरातला एक मुलगा चौथीत होता तेव्हा त्याला मराठीचे एक वाक्य सलग वाचता येत नसे, कारण निम्मे वर्ष तो शाळेत नसायचाच. पुढे आजीजवळ गावात राहिला, आठवीत रुळला, दहावीला त्याला गणितात ९० च्या वर गुण पडले. माझ्याकडे बारावीला आला तेव्हा वर्गात सर्वांत आधी उदाहरण सोडवून फळ्याकडे पाहत बसणारा तोच होता. त्याची चौथीतच विभागणी झाली असती, तर आमच्या तालुक्याने एक चांगला अभियंता गमावला असता.

मात्र एक गोष्ट मी आग्रहाने मांडतो. आपल्याकडच्या बोर्डाच्या परीक्षेला पुष्कळ नावे ठेवली जातात, परंतु उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला त्या मुलाचे नाव, आडनाव, जात, गाव, बापाचा धंदा यांतले काहीही माहीत नसते. माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा येई तेव्हा मला फक्त अक्षर दिसे. वर्गशिक्षकाच्या शेऱ्यावर वाट ठरते तेव्हा हे संरक्षण नाहीसे होते. ज्या घराच्या पाठीशी कोणी नाही, त्याला अनोळखी परीक्षक हाच मोठा आधार असतो.

रानवारा

सरांचा मुद्दा नेदरलँड्सने अगदी अलीकडे मान्य केला आहे. येथे बाराव्या वर्षाच्या सुमारास विभागणी होते आणि कोणत्या शाखेत जावे याबद्दल पूर्वी शिक्षकांचा सल्ला हाच निर्णायक असे. २०२३-२४ पासून आठव्या गटाची, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाची, चाचणी फेब्रुवारीत होते. मूल शिक्षकांच्या अंदाजापेक्षा वर गेले तर शाळेने सल्ला वर न्यावा हा आता नियम आहे, आणि तसे न करायचे असेल तर शाळेला कारण द्यावे लागते. मूल खाली आले तर मात्र सल्ला खाली आणता येत नाही. माझ्या मुलाला याचा प्रत्यक्ष लाभ झाला.

खालच्या शाखेतून एकेक पायरी चढत विद्यापीठापर्यंत जाण्याला येथे चक्क ‘रचणे’ असा शब्द आहे, विटेवर वीट ठेवावी तसा. वर्षे जास्त जातात, पण त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

अवनी

माणदेशी सर, आदराने असहमती नोंदवते. अनोळखी परीक्षक न्यायी असतो हे खरे, परंतु तो शेवटी येतो. तोवरची दहा-बारा वर्षे मुलाजवळ कोण बसले, यावर उत्तरपत्रिकेतले अक्षर ठरते. ज्यांना शिकवणी परवडते त्यांच्या उत्तरपत्रिकेवरही नाव नसतेच, पण ती शिकवणी तिच्या प्रत्येक ओळीत असते.

आम्ही फिनलंडमध्ये एस्पोला राहतो. १९७० च्या दशकात येथे दोन वाटांची जुनी पद्धत मोडून सगळ्या मुलांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा केली गेली आणि तिची सुरुवात १९७२ मध्ये उत्तरेकडच्या लॅपलंडपासून झाली. सोळाव्या वर्षापर्यंत विभागणी नाही आणि सर्वांना बांधणारी देशपातळीवरची परीक्षाही नाही. माझा मुलगा दुसरीत वाचनात मागे पडला, तेव्हा विशेष शिक्षिका आठवड्यातून तीनदा त्याला आणि आणखी दोघांना शेजारच्या खोलीत घेऊन बसत असत. त्यासाठी मला अर्ज करावा लागला नाही, पैसे द्यावे लागले नाहीत, आणि वर्गात त्याची कोणी चेष्टा केली नाही, कारण वर्षभरात जवळपास निम्मा वर्ग कशा ना कशासाठी त्या खोलीत जाऊन येत असे.

सोळाव्या वर्षी मुले उच्च माध्यमिक किंवा व्यवसाय शिक्षण निवडतात आणि व्यवसाय शिक्षणातूनही विद्यापीठासाठी अर्ज करता येतो. उच्च माध्यमिकच्या शेवटची मॅट्रिक परीक्षा कठीण असते, आणि २०२० पासून विद्यापीठांच्या निम्म्याहून अधिक जागा त्या प्रमाणपत्रावर भरल्या जातात. म्हणजे अनोळखी परीक्षक येथेही आहेच, पण तो एकोणिसाव्या वर्षी भेटतो.

माणदेशी

अवनीताई, आपले म्हणणे मला पटते. शेजारची खोली आधी आणि अनोळखी परीक्षक नंतर, हाच क्रम योग्य आहे. आमच्याकडे ती खोली नाही म्हणून मी परीक्षेला इतका घट्ट धरून आहे. ती खोली न देता परीक्षाही काढून घेतली, तर आमच्या मुलांच्या हाती काहीच उरणार नाही, एवढेच माझे सांगणे आहे.

केतकी

इंग्लंडमधून लिहिते आहे. येथे बहुतेक भागांत अकराव्या वर्षी विभागणी नाही, पण केंट, बकिंगहॅमशायर आणि आमचे रेडिंग अशा ठिकाणी ग्रामर शाळा, म्हणजे परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळा, शिल्लक आहेत. संपूर्ण इंग्लंडमध्ये त्या १६३ आहेत. त्यांची अकरा-अधिक परीक्षा सहावीच्या अगदी सुरुवातीला, सप्टेंबरात होते आणि मुले तिसरी-चौथीपासून शिकवणीला जातात. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत त्या दोन वर्षांत ना वाढदिवस नीट होतो, ना गणपतीची आरती पूर्ण होते. माझी मुलगी थोडक्या गुणांनी राहिली आणि साध्या सर्वसमावेशक शाळेत गेली. तिची तेथे चांगली प्रगती झाली.

पण मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे. येथे खरी अरुंद वाट सोळाव्या वर्षी लागते. ए-लेव्हल या शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बहुतेक मुले फक्त तीन विषय घेतात. रसायनशास्त्र सोडले की वैद्यकशास्त्र जवळपास सुटले, गणित सोडले की अभियांत्रिकी सुटली. माझ्या मुलीने इतिहास, इंग्रजी आणि जीवशास्त्र घेतले, आणि सतराव्या वर्षी तिला औषधनिर्माणशास्त्राची गोडी लागली. तेव्हा तिला रसायनशास्त्रासाठी एक वर्ष मागे यावे लागले. शाळेतल्या कोणीही हे आधी सांगितले नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

विद्यापीठाचा अर्ज यूकास या एकाच ठिकाणी भरायचा असतो, जास्तीत जास्त पाच पर्याय, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज यांपैकी एकालाच. हा अर्ज निकालाच्या आधी जातो, म्हणून शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर सशर्त प्रवेश मिळतो आणि ऑगस्टमध्ये निकाल लागला की ती अट पूर्ण झाली की नाही ते कळते. २०२० मध्ये महासाथीमुळे परीक्षा झाल्या नाहीत. तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के श्रेणी एका गणिती सूत्राने खाली आणल्या. त्या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालाला वजन होते, त्यामुळे मोठ्या, सामान्य शाळांतल्या हुशार मुलांना फटका बसला. मुले रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने तो निर्णय मागे घेतला. सरांच्या अनोळखी परीक्षकाची किंमत त्या आठवड्यात सगळ्या देशाला कळली.

चंद्रभागा

सिंगापूरमध्ये सहावीनंतर पीएसएलई ही राष्ट्रीय परीक्षा असते. पूर्वी मुलांना एकमेकांशी तुलना करणारा गुणांक मिळत असे आणि त्यावर त्यांची प्रवाहांत वाटणी होई. २०२१ पासून चार विषयांच्या स्तरांची बेरीज करतात, ४ सर्वोत्तम आणि ३२ शेवटचा. २०२४ पासून माध्यमिक शाळेतले प्रवाहही काढून टाकले. आता एकाच वर्गातली मुले गणित एका पातळीवर आणि भाषा दुसऱ्या पातळीवर शिकू शकतात. इसारकाठ ताईंच्या मुलीसारख्या, ज्या मुलांचे गणित भाषेच्या पुढे आहे, त्यांच्यासाठी मला ही रचना फार योग्य वाटते. भाषेच्या एका शब्दासाठी सगळे विषय खाली ओढले जात नाहीत.

पैलतीर

कॅलिफोर्नियातला अनुभव मांडतो. अमेरिकेतील प्रवेशांविषयी बोलताना सगळे निबंध, शिफारसपत्रे आणि व्हायोलिनच्या स्पर्धा यांवरच थांबतात. त्या सर्वांगीण निवडीत पैशाचा आणि पालकांच्या वेळेचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. पण या राज्याने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा जो बृहत् आराखडा स्वीकारला, त्यातली एक गोष्ट मला मनापासून मोलाची वाटते, आणि ती म्हणजे कम्युनिटी कॉलेज. राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत. तेथे अठराव्या वर्षी जा किंवा चाळिसाव्या, प्रवेश मिळतो. दोन वर्षे ठरावीक विषय चांगल्या गुणांनी पूर्ण केले, की युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या पदवीपूर्व शिक्षण देणाऱ्या नऊपैकी सहा परिसरांत हमीचा प्रवेश मागता येतो.

माझी पत्नी नाशिकची. लग्नानंतर येथे आल्यावर दहा वर्षे तिचे शिक्षण थांबले होते. छत्तिसाव्या वर्षी ती संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिच्या बाकावर शेजारी एक ट्रकचालक होते आणि पलीकडे शाळेतून नुकतीच आलेली मुलगी. तिघेही एकाच बीजगणिताच्या पुस्तकातून शिकले. तिने पुढे विद्यापीठातून संख्याशास्त्राची पदवी घेतली. माझ्या मते कोणत्याही देशाची पद्धत जोखताना हे पाहावे, की छत्तिसाव्या वर्षी परत आलेल्या माणसाला ती कोठे बसवते.

सदाफुली

पैलतीर यांचे वाचून लिहावेसे वाटले. आपल्या महाराष्ट्रातही मागची दारे आहेत आणि ती कमी मोलाची नाहीत. दहावीला शाळेतून बसता आले नाही तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत जाता येते. माझ्या भावाला दहावीला ६१ टक्के पडले. घरात सर्वांनी मान खाली घातली. त्याने तीन वर्षांचा डिप्लोमा केला आणि अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. बारावी करून आलेल्या मुलांना कार्यशाळेत फाइल धरता येत नव्हती, तेव्हा ते याच्याकडे येत. न्यूर्नबर्गकरांच्या मुलाची फॉस आणि आमच्या घरातला डिप्लोमा ही सख्खी भावंडेच म्हणावी लागतील.

तरीही ‘डिप्लोमाचा’ हा शब्द लग्नाच्या बोलणीतसुद्धा कसा उच्चारला जातो, ते मी ऐकले आहे. आपल्याकडे दार आहे, पण त्या दाराने आलेल्याला मान देण्याची सवय अजून लागायची आहे.

न्यूर्नबर्गकर

इसारकाठ ताई, आपली पहिली नोंद पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. आपण अडीच वर्षांपूर्वी आलात, म्हणजे मुलगी येथे दुसरीत दाखल झाली असणार. जी मुले पहिलीपासून जर्मन प्राथमिक शाळेत नव्हती आणि ज्यांची मातृभाषा जर्मन नाही, त्यांच्यासाठी बव्हेरियात वेगळी तरतूद आहे. त्यांचे गुण केवळ जर्मन भाषेतल्या, भरून निघण्याजोग्या उणिवेमुळे कमी असतील, तर ३.३३ पर्यंतच्या सरासरीवरही शाळा त्यांना गिम्नाझियमसाठी योग्य ठरवू शकते. ते आपोआप होत नाही, त्यामुळे वर्गशिक्षिकेशी याबद्दल मेच्या आधीच बोला आणि जलचक्राची ती चाचणी बरोबर घेऊन जा.

अवनी

हे वाचून आनंद झाला, आणि थोडे वाईटही वाटले. ही तरतूद ज्यांना धाग्यावर येऊन विचारता येत नाही, त्या घरांपर्यंत कशी पोहोचत असेल? जर्मनीतल्या इग्लू या वाचनविषयक अभ्यासांत वारंवार दिसले आहे, की वाचनाची क्षमता सारखी असली तरी सुशिक्षित घरातल्या मुलांना गिम्नाझियमची शिफारस मिळण्याची शक्यता अधिक असते.

माणदेशी

अगदी बरोबर. २०२१ मध्ये आमच्याकडे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अकरावीसाठी जाहीर केलेली प्रवेश परीक्षाही ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा आमच्या गावातल्या पालकांना कोणत्या निकषावर काय होणार हे शेवटपर्यंत समजले नव्हते. मी तेव्हा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून रोज संध्याकाळी अर्ज भरून देत असे. नियम कितीही चांगला असला, तरी तो समजावून सांगणारे माणूस गावात असावे लागते.

इसारकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या.

वर्गशिक्षिकेशी चाळीस मिनिटे बोलणे झाले. ३.३३ च्या तरतुदीची त्यांना कल्पना होती, पण मुलगी इतकी सफाईने जर्मन बोलते, की ती दुसरीत आली हे त्या विसरूनच गेल्या होत्या. जलचक्राचे चित्र त्यांनी पुन्हा पाहिले. तो अर्धा गुण बदलता येणार नाही असे त्या म्हणाल्या, पण दाखल्यावर योग्यतेची नोंद करण्याचा विचार त्या नक्की करतील. म्हणजे गिम्नाझियमचे दार कदाचित उघडेल.

दुसरी गोष्ट अशी, की आम्ही मुलीला घेऊन दोन्ही शाळांचे खुले दिवस पाहिले. रेआलशूलेच्या कार्यशाळेत तिने एक लाकडी पाणचक्की एकटीने जोडली आणि घरी येताना ट्राममध्ये ती मांडीवर धरून बसली. गिम्नाझियममध्ये तिला ग्रंथालय आवडले, पण लॅटिनच्या वर्गात ती माझा हात धरून उभी राहिली. तिला रेआलशूलेत जायचे आहे. पूर्वी मी हे मान्य केले नसते. न्यूर्नबर्गकर, सदाफुली आणि पैलतीर यांचे अनुभव वाचल्यावर मला ते मान्य करता येत आहे, मात्र पुढची दारे उघडी राहतील याची काळजी मला आतापासून घ्यायची आहे. त्यासाठी कोणत्या वळणावर काय निवडावे, हे कृपया सांगावे.

न्यूर्नबर्गकर

पहिले वळण सातवीला येते. तेव्हा रेआलशूलेत शाखा निवडायची असते : गणित-तंत्रज्ञान, वाणिज्य, किंवा फ्रेंच असलेली शाखा, काही शाळांत कला अथवा समाजकार्यही असते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. फॉसची तेरावी झाल्यावर कोणत्याही विषयाला चालणारी सर्वसाधारण विद्यापीठ-पात्रता हवी असेल, तर दुसरी परकीय भाषा पुरेशी झालेली असावी लागते, नाहीतर पात्रता ठरावीक विषयांपुरतीच मिळते. आमच्या मुलाने गणित-तंत्रज्ञान शाखा घेतली होती, म्हणून त्याला फॉसमध्ये फ्रेंच नव्याने शिकावे लागले, आणि त्या वर्षी त्याला सर्वांत जास्त त्रास त्याचाच झाला. मुलीला फ्रेंचची आवड वाटली तर सातवीतच घेऊ द्या. पाणचक्की जोडणारी असेल तर गणित-तंत्रज्ञान घेऊ द्या, पण मग फॉसमधल्या भाषेच्या तासांची चौकशी नववीतच करून ठेवा. त्या वेळी मला संदेश पाठवा, मी कागद शोधून देतो.